कडं भरत आलं की येणारी हाक

मेलान्का त्या दुपारी नेहमीसारखीच कामावर आली. पाव आणि खारवलेली चरबी खाऊन तिनं हात पुसले आणि भट्टीच्या बटणांपाशी उभी राहिली. झापोरिझ्झिया शहरातल्या त्या कारखान्यात टर्बाइनची कडी ओतणारी ही जुनी भट्टी उद्या मोडीत निघणार होती. आजचं कडं शेवटचं.

"काय गं, भट्टीला निरोपाचा मुका देणार की काय?" म्हातारा फोरमन तेरेंती म्हणाला.

"तुम्हीच द्या काका. मिशा तरी जळतील."

तो हसत निघून गेला. तिनं वीज सोडली. उकळत्या धातुमळीत पोलादाचा जाड दांडा वितळू लागला आणि थेंब थेंब खालच्या तांब्याच्या साच्यात उतरू लागला. संथ गुणगुण सुरू झाली. चुन्याचा जळका वास पसरला.

या कामात जाच एकच. कडं भरत आलं की वीज हळूहळू उतरवायची. त्या वीस मिनिटांत जागा सोडली, तर कड्यात पोकळी पडते आणि सगळं भंगारात जातं. तीन वर्षांपूर्वी नेमकं तेव्हाच पाण्याच्या टाकीमागून तिच्या नवऱ्यानं, ओस्तापनं हाक मारली होती, "मेलान्का, जरा ये गं..." ती म्हणाली होती, "थांब रे, एवढं होऊ दे." गेली तेव्हा तो बाकावर गार पडला होता. कडं मात्र बिनदोष निघालं. जळो मेलं ते कडं!

तेव्हापासून प्रत्येक कडं भरत आलं की तीच हाक यायची. तिचा जीव तुटायचा, पण ती जागची हलायची नाही. उद्या भट्टीच नसेल, मग हाक तरी कुठून येणार?

कडं भरत आलं तशी गुणगुण खोल गेली.

"मेलान्का... जरा ये गं..."

तिनं बटण सोडलं. "आले रे... आले..."

टाकीमागे अंधार होता. बाकावर कुणी नव्हतं. तिनं हात टेकला. लाकूड ऊबदार होतं.

"उशीर झाला रे मला," ती बसत म्हणाली.

खांद्याला खांदा लागला होता, हे तिला पक्कं कळत होतं. ती डोळे मिटून तशीच बसली. रडू येईल असं वाटलं होतं, पण एक टिपूस आलं नाही. फक्त बरं वाटत होतं, फार बरं. भट्टी निमाली तशी ती ऊबही गेली. कडं वाया गेलं असणार. जाऊ दे, तिनं मनाशी म्हटलं.

सकाळी तेरेंतीनं थंड झालेलं कडं तपासलं. "एक पोकळी नाही! मानलं बाई तुला."

"वीज... कुणी उतरवली, काका?"

"म्हणजे? तूच की! काल कडं भरत आलं तेव्हा दहा मिनिटं तुझ्या मागेच उभा होतो. तीन हाका मारल्या, तू मान वळवली नाहीस." त्याचा आवाज खाली आला. "एवढी रडत का होतीस गं? डोळे पुसायलासुद्धा तू बटणावरचा हात काढला नाहीस."