चौथा पाय

टेबलं सहा, माणसं अकरा, रिकामी जागा एक. मोजूनच मी आत शिरले. आले होते डिझाइन संग्रहालयातल्या खुर्च्या बघायला, पण दारावरच्या मावशी म्हणाल्या, "मागे रविवारची कार्यशाळा आहे. फुकट आहे, जा की!"

संग्रहालयाच्या खुर्च्या दुरुस्त करणारा सुतारच ती घेत होता. केसांत भुसा, कानावर पेन्सिल.

"चार पाय, एक फळी," तो म्हणाला. "स्टूल पूर्ण झालं की घरी न्यायचं. मग जागा यादीतल्या पुढच्या माणसाला."

तिसऱ्या रविवारी माझे चारही पाय नेमके पंचेचाळीस सेंटीमीटर भरले. "सरस वाळू द्या," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी न्या."

पुढच्या रविवारी स्टूल डुगडुगलं. चौथा पाय दोन मिलिमीटर आखूड! मी बाकीचे तीन घासले. त्याच्या पुढच्या रविवारी... पुन्हा तेच.

"लाकडाला मन असतं, मिलिमीटरबाई."

"ओलावा असतो. आणि तो चारही पायांना सारखाच लागतो."

त्याला एकदम खोकला आला.

मावशींनी डोकावून पाहिलं. "काय गं, स्टूल करतेस की पाट?"

मला राग यायला हवा होता. आला नाही, हीसुद्धा एक नोंदच.

त्या दिवशी निघताना मी चारही पायांच्या तळाला बारीक फुल्या मारल्या. पुढच्या रविवारी फुल्या तीनच होत्या.

मी स्टूल उलटं करून त्याच्यासमोर ठेवलं. त्याचे कान लाल झाले.

"कधी घासता?"

"शनिवारी... सगळे गेल्यावर."

"का?"

"पूर्ण झालं असतं तर नेलं असतं तुम्ही. यादीत पुढे एक आजोबा आहेत. चांगले आहेत हो, पण—"

"सरळ विचारायचं ना!"

"नाही म्हणाला असतात तर?"

मी बाकीचे तीन पाय घासले, स्टूल जमिनीवर ठेवलं. जराही हललं नाही.

"झालं तर," तो हळूच म्हणाला. "आजोबांना कळवतो."

"कळवा. माझ्या टेबलाला तिसरी जागा होते. मोजलीय मी."

मग मी स्टूल पुन्हा उलटं केलं. "धर जरा," म्हणाले आणि पॉलिश पेपर उचलला. त्याने दोन्ही हातांनी स्टूल धरलं... माझ्याकडे बघत.

घासून झाल्यावर मी पट्टी लावली.

चौथा पाय दोन मिलिमीटर आखूड.