काड्यांचा कोळी

"जेन दोब्री!" रुंद पट्ट्यांची लोकरी विजार आणि मण्यांची काळी हॅट घातलेल्या तरुणाने कमरेत वाकून पोलिशमध्ये नमस्कार केला.

"किया ओरा," कौमुदीने हसून माओरीत उलट नमस्कार केला. ऑकलंडच्या त्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात पोलंडमधल्या वोविच भागाच्या स्टॉलपाशी ती रंग बघून थांबली होती. नारिंगी, हिरवे, जांभळे पट्टे, कागदात कातरलेले कोंबडे...

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "आई, नंतर करतो गं. हो, जेवलो!"

कौमुदीच्या भुवया वर गेल्या. "पोलिश आहात ना तुम्ही?"

"फक्त वीकेंडला," तो ओशाळला. "एरवी अनुप. माउंट रॉस्किलला हलिना आजींकडे भाड्याने राहतो. स्टॉल त्यांचा. त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून ही विजार माझ्या नशिबी."

"शोभते तुम्हाला."

"खरंच? की पाहुण्या देशाला बरं वाटावं म्हणून?"

ती वर बघू लागली. छताला एक हूक होता, रिकामाच.

"तिथे पायोंक लागणार होता. म्हणजे कोळी," अनुप म्हणाला. "गव्हाच्या पोकळ काड्या आणि कागदी फुलं ओवून केलेलं झुंबर. नुसत्या श्वासानेही फिरतं म्हणे. आजींच्या बहिणीने गावाहून पाठवलं होतं. मग ती वारली... आणि महिन्यापूर्वी पत्र आलं, इथल्या तपासणीत किडे निघाले म्हणून ते नष्ट केलं. आजींना अजून सांगितलेलं नाही मी. उद्या येतील, आणि वर बघतील."

कौमुदीने हुकावरून नजर काढली. परदेशातून आलेल्या वनस्पती तपासणं हे तिचंच काम. ते झुंबर तिच्याच टेबलावर आलं होतं. कागदावर सही तिची होती. सांगायला हवं... पण सांगितल्यावर हे हसू राहील?

"पुकेकोहेला ओळखीचे शेतकरी आहेत," ती म्हणाली. "काड्या आणते. नवा करू."

"आपण दोघं?" त्याचा चेहरा उजळला. "स्वीट ॲज! झकास!"

दुपारी स्टॉलमागे दोघं जमिनीवर बसली. ती पट्टी लावून प्रत्येक काडी नेमकी नऊ सेंटिमीटरची कापत होती.

"अर्धा मिलिमीटर जास्त झाला तर?" त्याने चिडवलं.

"तर तू ओवायचं थांब, आणि मी परत कापते."

हॉलमधला गलका कुठेतरी दूर गेला. दोरा देता-घेता बोटं लागत होती... मागे व्हायची घाई कुणालाच नव्हती. अर्धवट झालेला कोळी हळूहळू वळायचा, आणि त्याची जाळीदार सावली अनुपच्या गालावरून सरकत जायची.

"खालच्या कड्याला फुलं किती लावू गं?"

"बारा. सहा निळी, सहा लाल. मधोमध एक पांढरं, जरासं वाकडं."

अनुपचा हात थांबला. "आजींकडच्या त्या झुंबराच्या फोटोत खालचं कडं आलेलंच नाही. तुला कसं माहीत?"

कौमुदीने कात्री खाली ठेवली.

"सही माझी होती, अनुप. काड्यांत जिवंत भुंगेरे होते, सोडता येत नव्हतं. परत पाठवू का, असे आजींना तीन मेल केले. उत्तर आलं नाही. शेवटच्या दिवशी दिव्याला टांगून पाहिलं मी ते... मग सही केली. सकाळीच सांगायला हवं होतं. पण मग तू असा बोलला नसतास माझ्याशी."

तो बोटाला दोरा गुंडाळू लागला.

"आजींचे मेल मीच बघतो," तो म्हणाला. "फसवणुकीचे वाटले. तिन्ही डिलीट केले."

कौमुदीने कात्री पुन्हा उचलली.

"उद्या सांगू," कौमुदी म्हणाली. "दोघंही."

रविवारी हलिना आजी वॉकर टेकत आल्या, नव्या कोळ्याखाली बसल्या. दोघांनी सांगितलेलं सगळं ऐकून त्यांनी वर पाहिलं.

"दिव्याला टांगलंस तेव्हा," त्यांनी कौमुदीला विचारलं, "फिरलं का ते?"

"हो. डावीकडे, अगदी सावकाश. मी हलायचंही थांबले होते."

"म्हणजे कुणीतरी नीट पाहिलं." आजींनी डोळे पुसले. मग अनुपकडे वळल्या. "तुझ्याशी मात्र मी महिनाभर बोलणार नाही. किडेही लपून राहत नाहीत, आणि तू महिनाभर माझ्यापासून गोष्ट लपवलीस!"

त्या शेजारच्या स्टॉलकडे निघून गेल्या. अनुप हिरमुसला होऊन कौमुदीजवळ येऊन उभा राहिला.

"महिनाभर घरात कुणी बोलणार नाही आता."

"मग माझ्याशी बोल," ती म्हणाली. तिचे कान तापले होते, तरी ती थांबली नाही. "आणि अनुप... हे तरी मी वेळेवर सांगते — तू मला आवडतोस."