जीपचं दावं

तिनं मला नमस्कार करायच्या आधी जीपच्या बॉनेटवर हात ठेवला. पूर्ण तळवा टेकवून, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा.

"गरम आहे," ती म्हणाली. "मी येणार म्हणून आधीच चालू करून ठेवली ना, दादा?"

मला काही उमजलं नाही.

"थंड इंजिन लवकर चालू होत नसलं की विकणारे असं करतात," तिनं समजावलं. "म्हणून मी आधी बॉनेट बघते."

"तसं नाही. मी रोज सकाळी चालू करतो."

"कुठं जाता?"

"कुठंच नाही. चालू करतो... थोडा वेळ बसतो. मग बंद करतो."

बारीक पाऊस होता. तिच्या केसांवर थेंब तसेच टिकून होते. ती हसेल असं मला वाटलं. पण तिनं फक्त हात काढून घेतला आणि ओढणीला पुसला.

तिचं नाव प्रतिभा. जनावरांची डॉक्टर. पाटसकडची. मोबाईलवर जीपचा फोटो बघून शिरूरला आली होती. पावसात मेंढपाळांच्या तळापर्यंत काळ्या रानातून जावं लागतं, तिथं मोटरसायकल रुतते, म्हणून तिला चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. सोबत तिचे चुलते होते. आबा. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं. आयुष्य मेंढरांमागं गेलेलं.

आबा जीपला एक फेरी मारून आले. मग वाकून पुढच्या टायरवर अंगठा दाबला.

"ह्यो पाय जरा झिजलाय."

"आबा, जीप आहे. मेंढा नाही."

"मंग काय झालं? चार पायच हायत की. चालवून दाखवा म्हणावं, लंगडती का बघू."

प्रतिभानं पोतं अंथरलं आणि सरळ जीपखाली शिरली. मोबाईलचा उजेड इकडून तिकडं फिरत होता. मला नुसते तिचे बूट दिसत होते. आतून आवाज यायचा.

"गंज नाही. पण चिखल सुकलाय. कुठला?"

"घोड नदीच्या काठचा. जुना आहे."

"धुतला का नाही?"

मी पोत्याचं दुमडलेलं टोक पायानं सरळ केलं.

बाहेर आल्यावर तिनं आतली मॅट उचलली, सीट पुढं ढकलली, खाली हात घातला. हातात केसांची क्लिप आली. निळी. एक दात मोडलेला.

"हे घ्या. मिसेस शोधत असतील."

"नाही शोधत," मी म्हणालो. "ती... गेल्या वर्षी वारली. कावीळ झाली होती."

तिनं माझा हात ओढला, क्लिप तळव्यावर ठेवली आणि माझी बोटं एकेक करून मिटवली. तिच्या बोटांना ऑइल लागलं होतं. माझ्या बोटांनाही लागलं.

मग आम्ही गावाबाहेरच्या मुरमाच्या चढावर गेलो. ती चालवत होती, मी शेजारी, आबा मागं.

"चारही चाकांचा गियर शेवटचा कधी टाकला होता?"

"मी कधीच नाही टाकला. माझी बायको टाकायची, नॅन्सी. गाडी तिची. चिखल दिसला की तिकडंच वळवायची."

"आणि तुम्ही काय करायचात?"

"घट्ट धरून बसायचो."

ती हसली. मोठ्यानं, मान मागं टाकून. आणि मीही हसलो. हसता हसता गप्प झालो. नॅन्सीच्या जागेवर दुसरी बाई बसली होती, आणि मी हसत होतो. हे बरोबर आहे का चूक, मला ठरवता येईना. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

प्रतिभाच्या लक्षात आलं असावं. तिनं वेग कमी केला.

उतरल्यावर मी विचारलं, "मग? घेताय?"

आबांनी तंबाखू मळत सांगितलं, "जनावर येका दिवसात घ्याचं नसतंय. बघू."

पुढच्या आठवड्यात ती एकटी आली. खाली ऑइलचा डाग पडतोय का, ते बघायचं होतं म्हणे. डाग होता, पण इतका बारका की तो बघायला चहा पिईपर्यंत बसावं लागलं. त्यानंतर आली ती लाइट तपासायला. भर दुपारी. त्यानंतर काय तपासायला आली होती, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

एवढं मात्र ध्यानात आलं, की आता ती मला दादा म्हणत नव्हती. दुसरंही काही म्हणत नव्हती. नुसतं "अहो, पाना द्या," "अहो, दिवा धरा."

तिचा फोन आला की मी दाढी करायचो. आरशात स्वतःला बघून विचारायचो, गाडी विकायला दाढी कशाला लागते? भिंतीवर नॅन्सीचा फोटो होता, चर्चच्या दारातला. त्याच्याकडं बघायचं मी टाळायचो. मग टाळलं म्हणून परत जाऊन बघायचो.

आणि मला एक विचित्र सवय लागली. मीच जीपची खोट सांगायला लागलो.

"मागचं दार दोनदा आपटावं लागतं."

"चालेल."

"वायपर नीट पुसत नाही."

"बदलेन."

"उन्हाळ्यात जरा जास्त तापते..."

प्रतिभा पाना खाली ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "तुम्हाला विकायची आहे ना?"

"आहे."

"मग?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "विकली की नॅन्सीची गाडी जाईल. नाही विकली की..."

"नाही विकली की?"

"तुम्ही यायच्या बंद व्हाल."

हे तोंडातून कसं गेलं, मला कळलं नाही. ती लाजली नाही, रागावलीही नाही. खाली ठेवलेला पाना उचलून तिनं माझ्या हातात दिला. म्हणाली, "चाव्या रविवारी न्यायला येते. चर्च सुटल्यावर," आणि निघून गेली. मला वाटलं, संपलं.

रविवारी आबा बरोबर होते. कागदांवर सह्या झाल्या. चावी देताना माझा हात जरा थांबला, पण दिली. आबांनी जीपमध्ये मागं डोकावून जाड दोर बाहेर काढला.

"ह्यो कशाचा?"

"गाडी चिखलात रुतली तर ओढायचा."

आबांनी दोराचं वेटोळं केलं आणि माझ्या हातात दिलं.

"ह्यो ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. जनावर इकलं तरी दावं देत न्हाईत. दावं मालकाच्या घरी ऱ्हातं. आमच्यात तसंच हाय."

"आबा," प्रतिभा म्हणाली, "मी रुतले तर काय करू?"

"मंग मागवून घ्याचा."

तिनं ओठ दाबून धरले होते. हसू होतं की दुसरं काही, सांगता येणार नाही. जीप कोपऱ्यावरून वळली. हातातल्या दोराला डिझेलचा आणि नदीच्या चिखलाचा वास होता.

सकाळी सवयीनं बाहेर यायचो. अंगणात नुसता ऑइलचा डाग. कंपनीत, सणसवाडीला, बरोबरचे विचारायचे, गाडी गेली, सुटलास ना? मी व्हय म्हणायचो. सुटलो होतो की अडकलो होतो, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

पुढं पोळा झाला. त्यानंतर दोन दिवस जोराचा पाऊस लागला आणि तिचा फोन आला.

"रुतलेय. न्हावऱ्याच्या पुढं, उसातल्या वाटेवर. दोर घेऊन या."

मी दोर मोटरसायकलला बांधला आणि सुटलो. अर्ध्या वाटेत डोक्यात आलं, दोर तर आणला, पण जीप ओढणार कशानं? तिथं ट्रॅक्टर असेल कुणाचा तरी. नसला तर मी ओढेन. असलंच काहीतरी मनात येत होतं.

दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये मुरमाची वाट. जीप उभी होती. प्रतिभा आत बसून शेंगा खात होती.

मी चाकं बघितली. रिमपर्यंत स्वच्छ. खाली वाकून बघितलं. ताज्या चिखलाचा ठिपका नाही. मग मी बॉनेटवर तळवा टेकवला. पूर्ण.

थंड होतं. रुतलेली गाडी बाहेर काढायची धडपड केली असती, तर तापलं असतं. ही कधीची इथं उभी होती.

"कुठं रुतलीय?" मी विचारलं.

ती खाली उतरली. शेंगांची टरफलं झटकली.

"दोर आणलात. ओढायला काय, मोटरसायकल?"

"घाईत... सुचलं नाही."

"मला पण दुसरं काही सुचलं नाही," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला. "रोज सकाळी मी ही चालू करते आणि बसते थोडा वेळ. वाटतं, तुम्ही असेच बसत होता. आबा विचारतात, कुठं जायचंय? मी म्हणते, कुठंच नाही."

उसाची पानं वाजत होती.

"नॅन्सी मला रोज आठवते, प्रतिभा. ते थांबणार नाही."

"थांबवा म्हणून कोण म्हणतंय? गाडीखालचा चिखल मी अजून धुतलेला नाही. मला फक्त एवढं सांगा... मी दोर मागवला, म्हणून आलात का?"

"तू नुसतं ये म्हणाली असतीस, तरी आलो असतो."

'तू' तोंडातून निघून गेलं होतं. मागं घ्यावं असं वाटलं नाही. तिनं ऐकलं, आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. परत सोडलं.

"पहिल्या दिवशी मला दादा म्हणाली होतीस," मी म्हणालो.

"तेव्हा गाडी बघायला आले होते."

"आणि नंतर?"

"नंतर काय एवढं बघायचं असतं हो जुन्या जीपमध्ये?"

दोघंही हसलो. या वेळी मी मध्येच थांबलो नाही.

"आबांना काय सांगायचं?" मी विचारलं.

"आबांनीच दोर तुमच्याकडं ठेवलाय. त्यांना काय सांगायचं ते नंतर बघू." तिनं चावी माझ्यापुढं धरली. "पुढं ओढ्याजवळ खरा चिखल आहे. तुम्ही चालवा."

"मी? मला चारही चाकांचा गियर टाकता येत नाही."

"मी सांगते. दांडा मागं ओढा, सावकाश."

मी बसलो. किल्ली फिरवली. थंड इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा धरलं. ओढा जवळ आला तशी पुढं काळी, चकाकणारी वाट दिसायला लागली. मी दांड्यावर हात ठेवला आणि तिच्याकडं बघितलं.

"टाका," प्रतिभा म्हणाली. "मी घट्ट धरून बसते."

समोर धरायला दांडी होती. तिनं ती धरली नाही. माझी बाही धरली.