टोक कुणाकडं

मालानच्या रेडिओची आवाज पकडायची तार त्याच्या पोटातच होती. बाहेर ओढायची, लांब करायची सोयच नाही. आवाज हवा तर अख्खा डबा धरून फिरवायचा, रुसलेल्या नवऱ्याचं तोंड आपल्याकडं वळवावं तसा.

त्या दुपारी ती तेच करत होती. फेरो बेटांवर थंडीत तीनलाच अंधारून येतं. तिच्या नवऱ्याची, हानूसची बोट कालपासून बोलली नव्हती. बोटींवरचे गडी एकमेकांशी बोलतात ते घरच्या रेडिओवर ऐकू येतं. गावातल्या बाया त्यावरच जीव धरून असतात.

"अगं, लोखंडी चुलीला चिकटवून काय ठेवतेस? खिडकीत ने," शेजारची बिल्लामावशी कॉफी ओतून घेत म्हणाली. "माझा म्हातारा पण चुलीला चिकटला की मुका व्हायचा."

खिडकीत नेला, जरा वळवला, तशी खरखर निवळली.

"मालान..."

हानूसचाच आवाज.

"माझं नाव घेतलं," मालान पुटपुटली. "समुद्रावर बाईचं नाव घेत नाहीत ते."

"आठवण आली असंल. लाजतेस काय?" मावशी म्हणाली खरी, पण कप ठेवून जवळ आली. "थांब. फिरवत जा. आवाज मरंल तेव्हा डब्याचं अरुंद टोक जिकडं, तिकडं बोलणारा."

टोक कड्याकडं झालं आणि आवाज गपकन मेला. घटकाभरानं टोक बंदराच्या तोंडाकडं केलं की आवाज मरायला लागला. मग धक्क्याकडं.

"आला गं मावशी..." मालान हसत होती, रडत होती.

मग टोक रस्त्याकडं. मग दाराकडं.

"रस्त्यावरनं बोट चालती होय गं?" मावशी हसली, आणि मधेच थांबली.

दार उघडलं. हानूस. अंगावरून पाणी निथळत होतं, वास मात्र खारा नव्हता. उपसलेल्या जुन्या विहिरीसारखा होता. तो बाकावर बसला.

"वायरलेस बंद पडला कालपासून," तो म्हणाला. "भूक लागलीय."

मालाननं वाळवलेलं मटण कापून पुढं ठेवलं. त्याच्या पायाखालच्या फळ्या कोरड्याच होत्या.

खिडकीतल्या रेडिओतून हानूसचाच आवाज आला, "मालान... आम्ही अजून बोटीतच आहोत... पाणी आत आलंय... कुणाला तरी पाठव..."

हानूस खात राहिला.

"मी... बंदरावर सांगून येते," म्हणत मावशी शाल न घेताच बाहेर पडली. तिची पावलं उतारावरून पळत गेली.

मालाननं डबा हळूहळू वळवला. टोक बाकाकडं झालं आणि आवाज मेला. हानूस उठून शेकायला चुलीपाशी गेला. आवाज परत आला, आता दमलेला. "मालान... पाठवलंस का?..." तिनं टोक चुलीकडं केलं. पुन्हा शांत.

"कुणाला शोधतेस गं?"

तो कधी जवळ आला, कळलं नाही. डब्यावरच्या तिच्या हातावर त्यानं हात ठेवला. हात उबदार होता. अगदी हानूसचाच.

टोक त्याच्या छातीला टेकलं होतं.

"असाच राहू दे," तो हळूच म्हणाला. "आता थोडाच वेळ बोलंल तो बोटीतला..."