सात मिनिटांचा रिपोर्ट

आमची ओळख झाली ती सांडलेल्या पाण्यामुळे. औषधांच्या गोदामात रोज सकाळी नऊला मी मुदत संपत आलेल्या औषधांचा रिपोर्ट काढायची. बटण दाबलं की तो यायला सात मिनिटं लागत. तेवढ्यात मी खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालून घ्यायची. त्या दिवशी स्क्रीनकडे बघत बघत घातलं, ते थेट एका बुटावर.

"बुटाला फुलं येतील आता," बुटाचा मालक म्हणाला. तो नवा डेटाबेसवाला होता. "हा रिपोर्ट इतका हळू का, ते बघायला आलोय."

"बघा बाई. मी तर म्हातारी झाले याची वाट बघून."

"तसं वाटत तर नाही..." तो हसला, आणि माझी दुसरी कुंडी ओसंडून वाहिली.

तीन महिने छान गेले, रिपोर्ट मात्र सात मिनिटांवरून हलला नाही. मग मुख्य कार्यालयातून पंधरा दिवसांसाठी एक तज्ज्ञ बाई आली. मी तिचं नाव इंडेक्सबाई ठेवलं. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तशी सूची ती माहितीच्या प्रत्येक यादीला जोडायची. मग कॉम्प्युटरला सगळी पानं उलटत बसावी लागत नाहीत. तिचे केस सरळ, बोलणंही सरळ. तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसे आणि "वा, काय सुचलं तुम्हाला," हे माझ्या टेबलापर्यंत ऐकू येई.

भरीस भर म्हणजे, ती आल्यावर दोन-तीन दिवसांतच माझा रिपोर्ट चार सेकंदांत यायला लागला. जिच्यावर राग काढायचा, तिचेच उपकार घ्यायचे... माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"मग आभार मान की तिचे," घरी वहिनी म्हणाली.

"मानेन. ती जाईल त्या दिवशी."

"आणि तो तिच्याबरोबर गेला तर?"

वहिनीला उगाच सांगितलं, असं मला झालं. कारण इंडेक्सबाईने त्याला खरंच मुख्य कार्यालयात कायमचं बोलावलं होतं. शुक्रवारपर्यंत त्याला उत्तर द्यायचं होतं.

बुधवारी तो रजेवर होता. नऊला मी बटण दाबलं... आणि पुन्हा सात मिनिटं. मी तरातरा इंडेक्सबाईकडे गेले.

"तुमची सूची बिघडली वाटतं," मी म्हणाले. आवाजातला आनंद काही लपेना.

"तुमच्या रिपोर्टला मी अजून हातही लावलेला नाही. त्याची पाळी उद्या." तिने कॉम्प्युटरच्या नोंदी उघडल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. रोज सकाळी आठ चाळीसला कुणीतरी हाच रिपोर्ट आधी चालवत होतं. नाव त्याचं होतं. "पहिल्यांदा सगळं डिस्कवरून शोधून आणावं लागतं. थोड्या वेळात परत मागितलं, तर ते हाताशीच असतं, म्हणून झटकन येतं. तुमची सात मिनिटं तो आधी येऊन स्वतः थांबतो. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मी जागेवर जाऊन बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

गुरुवारी तिने सूची जोडली. शुक्रवारी मी साडेआठलाच आले. तो आला आणि मला बघून दारातच थबकला.

"माझा रिपोर्ट रोज का चालवता?"

तो कानापर्यंत लाल झाला. "ती आल्यापासून तुम्ही रोज रागावलेल्या दिसायच्या. मला वाटलं, रिपोर्टमुळे..."

"रिपोर्टमुळे नव्हे."

"मग?"

"जळत होते मी तिच्यावर."

त्याने स्क्रीनकडे बोट दाखवलं. "आता रिपोर्ट खराच वेगात येतो. माझं इथलं काम संपलं. आज उत्तर द्यायचंय... सांगा ना, कशासाठी थांबू?"

माझा हात झारीकडे गेला. पण कुंड्या ओल्याच होत्या.

"माझ्यासाठी थांब," मी म्हणाले.

त्याने खुर्ची ओढली, माझ्या टेबलाशी आणली आणि बसला. नऊ वाजून सात मिनिटं झाली, तरी बटण दाबायचं माझ्या लक्षातच आलं नाही.