काळी काच सरकल्यावर

मुलीने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि ती म्हणाली, "ऑटोवर ठेवलाय, बाबा. नुसतं बटण दाबायचं. बाकी कशाला हात लावू नका."

हे शेवटचं वाक्य भिंगकाकांना लागलं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. भिंग हातात धरून ओळीमागून ओळ सरकत जाणारा, बुजरा, टेबलापलीकडे ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलणारा हा माणूस. तिथल्या खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनीच त्याला हे नाव ठेवलं होतं आणि ते निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. एखाद्या गोष्टीला हात लावायचा तर ती आधी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची, एवढंच त्यांना येत होतं. आपल्याला बाकी काही येतं की नाही, याची त्यांना स्वतःला कधीच खात्री नव्हती.

कॅमेरा मुठीत मावेल एवढा होता, पण त्याच्या पोटात बरंच काही होतं. काकांनी माहितीपुस्तिका पेन्सिल घेऊन वाचली, सवयीने तिच्यातल्या छपाईच्या चुकाही दुरुस्त केल्या. लेन्सचं छिद्र लहान केलं की जवळचं आणि लांबचं सारखंच स्पष्ट येतं. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की हलणारं पुसट होतं. आणि लेन्सच्या आत एक काळी काच आहे, ती मेनूतून पुढे सरकवता येते. उन्हात माणूस गॉगल घालतो तशी. मग भर दुपारीही शटर सावकाश उघडं ठेवता येतं.

"त्यात काय एवढं वाचताय?" मुलगी म्हणाली. "परीक्षा आहे का?"

"आहे," काका म्हणाले.

परीक्षा होतीच. काकू खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर करडी शाल, हात शालीवर. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. सगळं गाव जोडून देणारा आवाज म्हणून लोक त्यांना ओळखत. घरातही तोंडाचा पट्टा चालू असे आणि हात त्याहून जास्त. घरातल्या आल्बममध्ये त्यांचा एक फोटो धड नव्हता. सगळे ताठ उभे, आणि कडेला हसता हसता वळलेली एक पुसट रेघ, ती काकू. "अहो, माझा एक फोटो तरी नाकडोळ्यांसकट काढा हो," असं त्या म्हणत आणि तेवढ्यात मान वळवत.

गेल्या हिवाळ्यापासून त्या कमी कमी बोलू लागल्या, आणि मग थांबल्याच. भरवलं की जेवत, उठवलं की उठत. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. दोष कुठे सापडला नाही.

"रविवारी मी येते, बाबा," मुलगी पायात चपला सरकवताना म्हणाली. "सोमवारी आईला न्यायला शुश्रूषा-संस्थेची गाडी येईल. तिथे सतत माणूस असतं जवळ."

"इथेही असतं. मी आहे."

"तुम्ही आहात हो. पण आई इथे नाहीये आता. खुर्चीत बसलेली असते, एवढंच."

काका चष्मा पुसत राहिले. मग, जणू कुणाची परवानगी मागावी तसे म्हणाले, "रविवारपर्यंत मी तिचा एक फोटो काढतो. नीट. तो बघ, मग सांग ती आहे की नाही."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि ती गेली.

सराव म्हणून काकांनी आधी रस्ता घेतला. घर पहिल्या मजल्यावर. खिडकीतून खाली रस्ता दिसे, पलीकडे बागेचं लोखंडी फाटक, आणि फाटकातून आत जाणारी खडीची वाट. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवला, छिद्र लहान केलं, काळी काच पुढे सरकवली, शटर अर्धा मिनिट. आपल्या बोटाचा धक्का लागू नये म्हणून स्वयंचलित टायमर. खाली सायकली, शाळा सुटलेली मुलं, हातगाडी, भांडणारी दोन माणसं.

फोटो उमटला तेव्हा काकांनी चष्मा वर केला. रस्ता रिकामा होता. एक माणूस नाही, एक चाक नाही. नुसतं फाटक, झाडं आणि स्वच्छ डांबर. पुस्तिकेत हेच लिहिलं होतं: जे हलतं ते मावळतं, जे स्थिर ते राहतं.

"अगं, बघ तर," ते काकूंना स्क्रीन दाखवत म्हणाले. "सगळं गाव हाकलून दिलं मी." छापखान्यात कधी केला नसता असा विनोद त्यांनी केला होता. काकू समोर पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी तिकाटणं मागे घेतलं. खुर्ची, काकू, आणि मागे उघडी खिडकी. टायमर टिकटिकला, लाल दिवा लुकलुकला, शटर उघडलं आणि उघडंच राहिलं. काकांच्या लक्षात आलं, कालच्याच जुळणीवर राहिलं होतं सगळं. काळी काच तशीच. म्हटलं, बिघडलं नाही. ती थोडीच हलणार आहे.

फोटोत खुर्ची रिकामी होती.

काकांनी स्क्रीन डोळ्यांजवळ आणला. वेताची वीण न् वीण स्पष्ट आली होती. शाल होती, पण मांडीवर असते तशी उंच नव्हे, बैठकीवर सपाट पडलेली.

हलली असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. त्यांनी पुन्हा घेतला, आणि या वेळी शटर बंद होईपर्यंत काकूंवरून नजर काढली नाही. काकूंची पापणीसुद्धा हलली नाही. फोटोत शाल सपाट.

एखादा दुसरा तिथेच कॅमेरा बंद करून उठला असता. पण चूक दिसली आणि ती कशाने झाली ते कळलं नाही, तर काकांना जेवण जात नसे. त्यांनी शटर एकदम जलद केलं: काकू आल्या, नाकडोळ्यांसकट. अर्धा सेकंद: आल्या, पण पदरातून खुर्चीचा वेत दिसत होता. दोन सेकंद: खुर्चीवर नुसती वाफ धरल्यासारखी. आठ: काही नाही. जितका जास्त वेळ बघावं, तितक्या त्या कमी.

मुलीला जलद शटरचा फोटो दाखवता आला असता. चांगला होता तो. पण डोळे कोरे होते, आणि आता काकांना ठाऊक होतं की तो फोटो खोटं बोलतो.

मग सवयीनेच त्यांनी अर्ध्या मिनिटाचा फोटो स्क्रीनवर मोठा केला आणि भिंगाखालून ओळ सरकवावी तसे कडेकडेने पाहत गेले. खुर्चीची पाठ. खिडकीची चौकट. चौकटीतून रिकामा रस्ता. फाटक.

फाटकाशी कुणीतरी उभं होतं. पाठमोरं. बारीक पांढरी वेणी, आणि डाव्या खांद्याकडे किंचित झुकलेली मान. वर्षानुवर्षं तिथे टेलिफोनचा रिसीव्हर धरलेली मान. एक हात फाटकाच्या गजावर.

काकांनी खिडकीतून खाली पाहिलं. फाटकावरून माणसं जात येत होती. गजापाशी कुणी नव्हतं.

ते जिना उतरून गेले. आकाश भरून आलेलं होतं आणि फाटक थंडगार होतं. काकांनी गज चाचपले, एकेक. एक गज एकाच जागी, खांद्याच्या उंचीवर, कोमट होता.

"काही हरवलं का, काका?" बागेच्या पहारेकऱ्याने विचारलं.

"नाही," काका म्हणाले. पहारेकऱ्याने कानामागे हात नेला. त्याला ऐकू गेलं नव्हतं.

पुढच्या फोटोत काकू फाटकाच्या आत होत्या. त्याच्या पुढच्यात वाटेवर, झाडांपाशी. अंगठ्याएवढी पाठ दाण्याएवढी झाली. वाट पुढे वळत होती, आणि वळणापलीकडचं खिडकीतून दिसत नव्हतं.

आणि रविवार आला.

मुलगी संध्याकाळी येणार होती. काकांनी घर झाडलं, काकूंची वेणी घातली, स्वतःची दाढी केली. सगळं कामाला जाताना करत तसं, घाई न करता. मग खुर्चीशेजारी स्टूल मांडलं. इतके दिवस ते कॅमेऱ्यामागे होते आणि कॅमेऱ्यामागून कुणाला परत आणता येत नाही, एवढं त्यांना कळलं होतं. शटर, पुस्तिकेप्रमाणे जास्तीत जास्त जेवढं उघडं राहू शकेल, तेवढं ठेवलं. काळी काच पुढे सरकवली. टायमर दाबला, येऊन स्टुलावर बसले आणि काकूंचा हात हातात घेतला.

स्थिर राहणं. आयुष्यात दुसरं काही नीट जमलं नसेल, पण हे जमत होतं.

लाल दिवा लुकलुकायचा थांबला. शटर उघडलं.

काका हलले नाहीत. श्वास छातीत वरच ठेवला. खोलीतलं घड्याळ ऐकू येत होतं, मग येईनासं झालं.

पायाखाली खडी वाजली.

समोर वाट होती. वळणाशी पाठमोरी वेणी. त्यांना हाक मारायची होती. आपला आवाज तिथवर पोचेल का, ही शंका नेहमीसारखीच आली. त्यांनी ती बाजूला सारली आणि जन्मात मारली नव्हती एवढ्या मोठ्याने हाक मारली.

"अगं! चल घरी."

वेणी हलली. मान वळली.

शटर मिटलं.

हातातल्या हाताने त्यांचा हात घट्ट दाबला आणि सोडून दिला. काकूंनी शाल झटकून नीट घडी घातली. "किती वेळ दारं उघडी ठेवलीत," त्या कुणालाही न उद्देशून म्हणाल्या, आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या. आत कपबशा वाजू लागल्या.

मुलगी दारातच थबकली. आईने चहाचा कप पुढे केला तसा तिने तो घेतला नाही, आईलाच मिठी मारली. "अगं सांडेल, सांडेल," काकू म्हणाल्या. "आणि ही काय दशा केलीस केसांची? शेवटचं तेल कधी पाहिलंय त्यांनी?" मुलगी हसत होती आणि डोळे पुसत होती. तिने तिथूनच फोन लावून सोमवारची गाडी नको म्हणून सांगितलं.

मग तिने कॅमेरा उचलला. "बाबा! काय सुंदर आलाय हो!"

काकू होत्या. खुर्चीत, रेघ न् रेघ स्पष्ट, काहीतरी बोलायला तोंड उघडलेल्या, डोळ्यांत तोच जुना खट्याळपणा. शेजारी स्टूल होतं.

"तुम्ही पण बसायचं ना शेजारी," मुलगी म्हणाली. "स्टूल मांडलंत आणि बसला नाहीत."

काकांनी फोटोकडे पाहिलं. खिडकीच्या चौकटीतून लहानसं फाटक दिसत होतं. मोठं करून बघायला त्यांचं बोट पुढे झालं, आणि त्यांनी ते मागे घेतलं. जे हवं होतं ते मिळालं होतं. चूक कुठे आहे हे ठाऊक असूनही पान छपाईला सोडलं, असं हे पहिल्यांदाच.

काकू कप घेऊन खिडकीशी गेल्या. खाली पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, जा बघू खाली," त्या मुलीला म्हणाल्या. "हे कधीचे फाटकाशी उभे आहेत. किल्ली विसरले असणार, दुसरं काय. आणि हाक मारतील तर शपथ."

"आई, असं काय? बाबा हे काय, इथे बसलेत."

काकूंनी वळून स्टुलाकडे पाहिलं. कुणाच्या घरी गेल्यावर तिथल्या सामानाकडे पाहावं, तसं. मग त्या पुन्हा खिडकीकडे वळल्या आणि हात उंच करून, हसत, वर या म्हणून खुणावू लागल्या.

काकांना सांगायचं होतं की मी इथे आहे. त्यांनी तोंड उघडलंही. पण रस्ता वाहता होता, आणि एवढा हळू आवाज खालून वरच्या खिडकीपर्यंत पोचला नसता.