खडकातला भिडू

माझा जुना मित्र ऑक्ताव्ह गेल्यावर चाळिसाव्या दिवशी त्याच्या बायकोने, स्मारांदावहिनींनी, त्याची काचेची टाकी मला दान दिली. आमच्या बंदरगावात, कॉन्स्तांत्सात, मेलेल्या माणसाच्या वस्तू अशाच वाटतात. शर्ट एकाला, खुर्ची दुसऱ्याला. दिलेली वस्तू त्याला तिकडे पोचते म्हणे. टाकी खाऱ्या पाण्याची; आत प्रवाळ, दोन नारिंगी मासे आणि समुद्रातून आणलेले भोकाभोकांचे खडक. चौथ्या मजल्यावरून माझ्या पहिल्या मजल्यावर ती उतरवताना चौघं घामाघूम झालो, कारण लिफ्ट बंद होती. आणि इमारतीतला लिफ्टवाला मीच! धापा टाकत मी म्हटलं, "आभारी आहे, वहिनी."

मी पेत्राके. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. दोर तुटतो तो झिजल्यामुळे, नशिबामुळे नाही, एवढं मला पक्कं ठाऊक.

तिसऱ्या आठवड्यात प्रवाळाची टोकं कुरतडलेली दिसायला लागली. शोभेच्या माशांच्या दुकानात विचारलं, तर दुकानदार हसला. "खडकातून काय काय येतं, काका! खेकडा असेल. वर्षानुवर्षं आत दडून राहतो. पकडा, नाहीतर प्रवाळ विसरा." युक्तीही त्यानेच सांगितली. ग्लासात शिंपल्याचं मांस ठेवायचं आणि ग्लास खडकाला तिरका टेकवायचा. आत उतरलेल्याला गुळगुळीत काचेवरून वर येता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लासात अक्रोडाएवढा खेकडा बसला होता. ही जात लपण्यासाठी सापडेल ते पाठीवर चिकटवून घेते. याच्या पाठीवर शेवाळ होतं, स्पंजाचा तुकडा होता आणि सूर्यफुलाच्या बीचं टरफल होतं. मला हसू आलं. ऑक्ताव्ह दिवसभर बिया फोडायचा आणि टरफलं मनाला येईल तिथे टाकायचा. एक निळं बटणही होतं. तेही त्याच्या शर्टाचं, वाकून बघताना पडलं असणार.

मग शेवाळाखालचा फासा दिसला.

हाडाचा, पिवळट, एक कोपरा कुत्र्याने चावलेला. सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात आम्ही बंदराच्या बांधावर सोंगट्यांचा पट खेळत होतो. ऑक्ताव्ह सलग पाच डाव हरला आणि "च्यायला, फासाच खोटा आहे!" म्हणत त्याने तो समुद्रात भिरकावला. पाणी उडालेलं मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. ते तापलेले दगड, कागदात गुंडाळलेले तळलेले मासे, बायका हाका मारून दमलेल्या आणि आम्ही दोघं उठायला तयार नाही... किती वर्षांनी आठवलं सगळं! डोळे भरून आले.

खेकडा बादलीत काढायचा होता. मी तो परत टाकीत सोडला.

दुपारी चारला, आमच्या खेळायच्या वेळी, तो पुढच्या काचेपाशी येऊन बसला. फाशाची सहाची बाजू वर. "मेलास तरी लबाडी सुटली नाही," मी बोलून गेलो आणि माझं मलाच कसंसं झालं. तरी पट काढला. दोन फाशांपैकी एक त्याच्या पाठीवर होताच; दुसरा त्याच्या वतीने मी टाकला, त्याच्या सोंगट्या हलवल्या, मग माझ्या. मान वर केली, तर काचेमागच्या फाशावर आता सहाऐवजी दोन ठिपके वर होते.

असे दोन महिने गेले. प्रवाळ संपलं. मासे कधी नाहीसे झाले ते कळलंही नाही. पण मी रोज दाढी करायला लागलो होतो. दुपारी कोणी तरी यायचं होतं ना.

एक दिवस स्मारांदावहिनी आल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"भावजी, हे रोज स्वप्नात येतात हो. दारात उभे, रिकाम्या हातांनी. 'माझी टाकी कुठाय' विचारतात. मी तर तुम्हाला दिली! घेताना तुम्ही काय म्हणालात?"

"आभारी आहे म्हटलं."

"अरे देवा! दान घेऊन आभार मानतात का कोणी? 'बोगदाप्रोस्ते' म्हणायचं, देव त्याला क्षमा करो, मग पोचतं. शेंबड्या पोरालाही कळतं हे! आता तरी म्हणा. टाकीपुढे उभं राहून म्हणा. त्यांची सुटका होऊ दे आणि मलाही झोप लागू दे."

एक शब्द. तो म्हटला की टाकी ज्याची त्याला पोचणार. मग चार वाजणार आणि काचेपाशी कोणी नसणार.

"संध्याकाळी शांतपणे म्हणतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

म्हटला नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी विचारलं, तेव्हा "म्हटला" असं सांगून टाकलं. इतक्या वर्षांत वहिनींशी पहिल्यांदा खोटं बोललो. फार लाज वाटली. चारला पट मात्र मांडलाच.

आठवड्याने त्या आल्या, चेहरा फुललेला, हातात गरम पाव.

"काल आले होते! हसत होते हो, भावजी. म्हणाले, आता काळजी करू नकोस. पेत्राके स्वतःच घेऊन येतोय."

मी पाव घेतला.

"नशीब लागतं असा मित्र मिळायला," वहिनी म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

चार वाजले. मी पट मांडून बसलो.

खेकडा आला.

पाठीवर फासा नव्हता. टरफल नव्हतं, बटण नव्हतं. सगळं स्वच्छ झालेलं.

मधोमध शिजलेल्या गव्हाचा एक दाणा होता आणि त्यावर एक चंदेरी साखरमणी. मेलेल्या माणसाच्या नावाने आम्ही गहू गोड शिजवतो, त्यावर असे मणी लावतो. ऑक्ताव्हसाठी शिजवलेल्याला तीन महिने होऊन गेले होते. त्यानंतर इमारतीत कोणी मेलं नव्हतं.

अजूनही तो शब्द म्हणता आला असता. मी तोंड उघडलं.

काचेपलीकडे तो शांत बसून होता. त्याला कसली घाई नव्हती.

मी तोंड मिटलं. चष्मा काढून काचेला नाक लावलं.

मणी ताजा होता. इतक्या पाण्यातही साखर विरघळली नव्हती.